अस्वल टाकीत कसं आलं

आमच्या सोसायटीत सेक्रेटरी निवडून येत नाही, सापडतो. वार्षिक सर्वसाधारण सभेला जो गैरहजर, तो पुढच्या वर्षीचा सेक्रेटरी, असा आमचा अलिखित पोटनियम आहे. त्या रविवारी मी मेहुण्याकडे सत्यनारायणाला गेलो होतो. प्रसाद तिथेच मिळाला अशी माझी समजूत होती. खरा प्रसाद घरी परतल्यावर मिळाला. "अभिनंदन," वॉचमन म्हणाला आणि त्याने पंपाच्या खोलीची किल्ली, तीन वाकड्या टाचण्या आणि सोसायटीचा शिक्का माझ्या हातात ठेवला.

इमारत डोंबिवली पूर्वेला. चार मजले, चोवीस घरं. इथे माणसांना आडनावं आहेत, पण ती लग्नपत्रिकेपुरती. एरवी सगळे फ्लॅटच्या नंबराने ओळखले जातात. 'एकशे चारनी मेंटेनन्स भरला नाही', 'दोनशे सहांच्या सुनेला दिवस गेलेत', 'तीनशे दोनना विचारल्याशिवाय झाड तोडू नका'. मी दोनशे एक. माझी बायकोही दोनशे एक. भांडण झालं की ती मला 'अहो दोनशे एक' म्हणते, तेव्हा समजायचं की आज जेवण झाकून ठेवलेलं असेल.

पदभार स्वीकारल्यावर पहिलं काम आलं ते पाण्याची टाकी साफ करण्याचं. रविवारी नऊ ते पाच पाणी बंद. आता चोवीसपैकी बावीस घरं मराठी. उरलेल्यांपैकी चारशे पाच गुजराती, त्यांचं मराठी आमच्यापेक्षा गोड. चारशे तीन तमिळ, ते तर हट्टाने मराठीच बोलतात. म्हणजे इंग्रजीवाचून अडलेलं असं इमारतीत कुणीच नव्हतं. तरीही मी नोटीस इंग्रजीत लिहिली. मराठीत लिहिली की ती नोटीस वाटत नाही, शेजारणीने विरजण मागायला पाठवलेली चिठ्ठी वाटते. इंग्रजीत लिहिलं की नळसुद्धा घाबरून बंद होतो.

शेवटी मी एक वाक्य घातलं, 'काइंडली बेअर विथ अस'. हे वाक्य मी एकदा विमानतळावर ऐकलं होतं. विमान चार तास उशिरा होतं, पण त्या बाईने ते अशा काही आवाजात म्हटलं की आणखी दोन तास थांबावंसं वाटलं. तेव्हापासून ते कुठेतरी वापरायची इच्छा होती. विमान नाही तर नाही, टाकी तर टाकी.

दुसऱ्या दिवशी सकाळी नोटीस बोर्डासमोर तीनशे दोन उभ्या होत्या. तीनशे दोन म्हणजे मॅडम. चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. निवृत्तीच्या दिवशी शाळेने त्यांना शाल आणि श्रीफळ दिलं, लाल पेन परत घ्यायचं मात्र राहून गेलं.

"नोटीस तुम्हीच लिहिलीत?"

"हो." मला वाटलं, कौतुक होणार.

"रविवारी नऊ ते पाच पाणी नाही, इथपर्यंत समजलं. पण त्यासाठी चोवीस कुटुंबांनी तुमच्याबरोबर कपडे का काढायचे?"

दुधाची पिशवी घेऊन आत येणारे एकशे चार जागीच थांबले.

"मी? मॅडम, मी तर धीर धरा म्हटलंय."

"धीर धरायचा तो बी ई ए आर. तुम्ही लिहिलंय बी ए आर ई. म्हणजे उघडं होणं."

"उच्चार तर एकच आहे."

"म्हणून तर बोलताना अब्रू राहते. तुम्ही ते लिहिलंत आणि खाली शिक्का मारलात."

मी तिथल्या तिथे खाडाखोड करून अक्षरांच्या जागा बदलल्या. अर्ध्या तासाने एकशे चारनी बेल वाजवली. एकशे चारांचं हार्डवेअरचं दुकान आहे. माणूस सरळ. खिळा मागितला तर खिळाच देतो.

"तुम्ही आता जे लिहिलंय ना, त्याचा अर्थ मुलाच्या डिक्शनरीत 'अस्वल' असा दिलाय."

"सहन करणे असाही असेल बघा."

"असेल. खाली असेल. वर अस्वल आहे."

संध्याकाळपर्यंत इमारतीतली सगळी पोरं गच्चीवर जाऊन टाकीचं झाकण उघडायचा प्रयत्न करून आली. शनिवारभर जिन्यात, लिफ्टमध्ये, वाण्याकडे चर्चा ती हीच. त्याचा परिणाम असा झाला की रविवार उजाडेपर्यंत प्रत्येक घराला अस्वलाची माहिती होती, पाणी बंद असल्याची कुणालाच नव्हती. नऊ वाजून दहा मिनिटांनी दोनशे सहा डोक्यापासून पोटरीपर्यंत साबण लावलेल्या अवस्थेत, कमरेला पंचा धरून, दारात येऊन ओरडले. त्यांच्या मागोमाग आणखी दोन दारं उघडली. मी मॅडमना फक्त एवढंच म्हणालो, "बघा, माझं मूळ स्पेलिंगच बरोबर होतं."

हा दोष माझा एकट्याचा आहे असं मी मानत नाही. आमच्या वडिलांच्या पिढीने तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकली आणि तिच्या जोरावर साहेबाच्या कचेरीत नोकऱ्या केल्या. आमच्या वाट्याला इंग्रजी आलं ते पाचवीत. तोवर त्याच्याशी संबंध बिस्किटाच्या पुड्यावरच्या अक्षरांपुरता. 2000 सालापासून मराठी शाळांतही ते पहिलीपासून सुरू झालं, त्यामुळे हल्लीच्या मुलांना चुका करायला चार वर्षं जास्त मिळतात.

आमच्या गुरुजींनी स्पेलिंग पाठ करायची एक देशी युक्ती काढली होती. प्रत्येक इंग्रजी शब्दाचे दोन उच्चार. एक माणसांत बोलायचा, दुसरा परीक्षेत आठवायचा. बोलताना 'वेन्सडे', पण मनात 'वेड-नेस-डे'. बोलताना 'नॉलेज', मनात 'कनो-वलेड-गे'. आजही बँकेच्या फॉर्मवर बुधवार लिहिताना माझे ओठ हलतात आणि समोरच्या मुलीला वाटतं, आजोबा स्तोत्र म्हणतायत.

या युक्तीचा पहिला पराभव झाला 'स्टेशनरी' या शब्दावर. हे शब्द दोन. एक म्हणजे वह्या-पेन्सिली, दुसरा म्हणजे स्थिर, न हलणारं. उच्चार जुळ्या भावांसारखा, फरक फक्त एका अक्षराचा. वह्यांमध्ये ई, स्थिरामध्ये ए. गुरुजींनी शिकवलं, "बाळांनो, एक 'स्टेशनेरी' आणि एक 'स्टेशनारी'. लक्षात कसं ठेवायचं? स्टेशनवर नारी उभी आहे. उभी आहे म्हणजे स्थिर आहे. स्टेश-नारी!" सगळा वर्ग खूश. ती नारी माझ्या डोळ्यांसमोर इतकी स्पष्ट उभी राहिली की तिच्या साडीचा रंगही मला आजतागायत आठवतो. हिरवा.

परीक्षेत दोन्ही शब्द वाक्यांत वापरायला आले. मला स्टेशन आठवलं, नारी आठवली, हिरवी साडी आठवली. ती तिथे नुसती उभी होती की वह्या घ्यायला आली होती, तेवढं आठवेना. शेवटी गुरुजींच्याच नारीला घेऊन मी वाक्य केलं, 'द वूमन इज स्टेशनरी,' आणि ई घातला. गुरुजींनी उत्तरपत्रिकेवर लाल शाईत लिहिलं, 'ही बाई वह्या-पेन्सिली आहे?'

मजेची गोष्ट पुढे साठीत कळली. मध्ययुगात इंग्लंडात बरेच विक्रेते पाठीवर गाठोडं टाकून गावोगाव फिरायचे. पण विद्यापीठांच्या आसपास पुस्तकं, कागद विकणारे काहीजण एकाच जागी दुकान मांडून बसले. जागचे हलत नाहीत म्हणून ते 'स्टेशनर', आणि त्यांचा माल तो 'स्टेशनरी'. म्हणजे दोन्ही शब्दांचं मूळ एकच, उभं राहण्याचं. माझी ती हिरव्या साडीतली बाई उभीही होती आणि वह्याही घेत होती. गुरुजी आता नाहीत. असते तर मी तो अर्धा मार्क मागायला गेलो असतो.

तीच बाई डोळ्यांसमोर ठेवून मी पुढे बँकेत लागलो आणि एकतीस वर्षं काढली. बँकेत 'प्रिन्सिपल' या शब्दाला पर्याय नाही. शेवटी पी ए एल असेल तर मुद्दल. कॉलेजचे प्राचार्यही तेच. शेवटी पी एल ई असेल तर तत्त्व. उच्चार पुन्हा तोच. एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या घरकर्जाच्या पत्रात मी पी एल ई टाईप केलं. आठवड्याने त्यांचं उत्तर आलं. सुवाच्य अक्षरात, समासासकट. 'आपण माझ्या तत्त्वांवर साडेअकरा टक्के व्याज लावले आहे. मुद्दल मी फेडेन. तत्त्वे मात्र मी आयुष्यभर बिनव्याजी वापरली, ती तशीच राहू द्यावीत.' साहेबांनी ते पत्र मला बोलावून वाचून दाखवलं आणि मग विचारलं, "यांचं कर्ज माफ करता येईल का हो?"

कर्जावरून आठवलं. इंग्रजीत कर्जाला जो 'डेट' शब्द आहे, त्यात मध्येच एक बी आहे. तो बी कुणी उच्चारत नाही. मुळात तो नव्हताच. फ्रेंचांकडून शब्द आला तो बी शिवाय. पुढे पंडितांना आठवलं की लॅटिनमध्ये या शब्दात बी असतो, म्हणून त्यांनी तो नंतर आत बसवला. बोलताना दिसत नाही, लिहिताना द्यावाच लागतो. कर्जातली छुपी आकारणी आम्ही बँकवाल्यांनी शोधली असं लोक म्हणतात. उगाच नाव आमचं.

तर मॅडमचा आणि माझा सिलसिला नोटिशीपासून सुरू झाला तो वाढतच गेला. दुपारी मुलं जिन्यात दंगा करतात म्हणून मी बोर्डावर लिहिलं, 'प्लीज बी क्वाइट'. म्हणजे तसं लिहायचं होतं. ई आणि टी यांची अदलाबदल झाली. मॅडमनी खाली पेन्सिलीने मराठीत लिहिलं, 'कृपया बऱ्यापैकी असा.' त्याखाली कुठल्याशा पोराने लिहिलं, 'आम्ही बऱ्यापैकीच आहोत.' एकशे चारनी व्यायामशाळेत नाव घातलं आणि ग्रुपवर इंग्रजीत जाहीर केलं की आपलं वजन 'लूज' होत आहे, दोन ओ घालून. मॅडम म्हणाल्या, एक ओ काढा, दोन ओ म्हणजे ढिलं. एकशे चारनी शांतपणे विजारीची नाडी दाखवली. "मॅडम, हे ढिलं झालं म्हणूनच कळलं की ते कमी झालं. ओ राहू दे." यावर मॅडमना उत्तर सुचलं नाही. चौतीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच.

एका प्रसंगात मात्र मला खरोखर मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीनशे सहांचे वडील वारले. मी शोकाची नोटीस लिहिली आणि 'डिसीज्ड' या शब्दात घोटाळा केला. पहिल्या ई च्या जागी आय आणि सी च्या जागी एस घातला की दिवंगताचा रोगग्रस्त होतो. मॅडम काही बोलल्या नाहीत, फक्त चष्मा काढून पुसला. मी क्षमा मागायला तीनशे सहांकडे गेलो. मुलगा तोंड पाडून बसला होता. नोटीस वाचली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला.

"काका, राहू द्या ती तशीच. बाबांना आयुष्यभर काही ना काही होत होतं आणि डॉक्टर म्हणायचे, काही झालेलं नाही. आज कुणीतरी लेखी दिलं."

दहा दिवस ती नोटीस बोर्डावर तशीच होती.

जेवणाच्या बाबतीत मात्र मी इतका क्षमाशील नाही. भाच्याच्या रिसेप्शनला केटररने प्रत्येक टेबलावर पाट्या लावल्या होत्या. शेवटच्या टेबलावर 'डेझर्ट', एकच एस. गोड पदार्थाला दोन एस लागतात. एक एस असेल तर वाळवंट. मी मॅडमच्या संगतीत एव्हाना तयार झालो होतो, त्यामुळे पाटीपुढे उभा राहून मी शेजारच्या दोन अनोळखी पाहुण्यांना हा फरक समजावून सांगितला. गोडाचा शब्द फ्रेंचांचा, मूळ अर्थ टेबल आवरून टाकणे, कारण ताटं उचलल्यावर गोड यायचं. वाळवंटाचा लॅटिन, मूळ अर्थ टाकून दिलेलं, ओसाड. आणि गंमत म्हणजे 'सोडून पळून जाणे' हे क्रियापद लिहायचं वाळवंटासारखं आणि उच्चारायचं गुलाबजामसारखं. पाहुण्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मान हलवली. त्यांच्या वाट्या भरलेल्या होत्या. मी वळून पाहिलं तर टेबलावर पाकाचे डाग आणि एक चमचा. केटररचा माणूस फडकं मारत होता. फ्रेंच अर्थ, लॅटिन अर्थ, क्रियापद, सगळं एकाच टेबलावर.

"गुलाबजाम?"

"संपले साहेब." त्याने पाटीकडे बोट दाखवलं नाही, हा त्याचा चांगुलपणा.

मग आला नातीचा पहिला वाढदिवस. मुलाने केकची ऑर्डर फोनवर दिली. वर लिहायचं होतं, 'आमची छोटी एंजल'. खोका उघडला तर शेवटचे ई आणि एल उलटे पडलेले. परी गेली, कोन आला. गुलाबी क्रीममध्ये, भोवती फुलपाखरं, मध्ये ठसठशीत, 'आमचा छोटा कोन'. घरात एकदम शांतता. सून मुलाकडे बघतेय, मुलगा छताकडे. विहीणबाईंनी केक नीट निरखला. त्या भूमिती शिकवायच्या.

"छान आहे. फक्त छोटा म्हणू नका हो." नात जन्मतःच गुटगुटीत. "हा विशालकोन आहे."

मुलगा बेकरीवाल्याशी भांडायला निघाला होता. मी थांबवलं. कारण ही चूक निदान चौदाशे वर्षं जुनी आहे, एका पोपनेच केलेली, आणि तीही मुद्दाम. गोष्ट अशी सांगतात की रोमच्या बाजारात गोरीगोमटी, पिंगट केसांची काही मुलं गुलाम म्हणून विकायला उभी होती. ग्रेगरी नावाच्या सत्पुरुषाने विचारलं, ही कुठली? कुणी सांगितलं, अँगल लोक आहेत. तो म्हणाला, नाव शोभतं, चेहरे एंजलसारखेच आहेत. पुढे 590 साली तो पोप झाला आणि त्याने त्यांच्या बेटावर धर्मोपदेशक पाठवले. याच अँगल लोकांवरून इंग्लंडला आणि इंग्रजीला नाव पडलं. ही गोष्ट लिहून ठेवली ती आठव्या शतकातल्या बीड नावाच्या साधूने. आपल्या बीडचा याच्याशी काही संबंध नाही, पण विहीणबाईंचं माहेर तिथलं असल्यामुळे त्या एकदम सरसावून बसल्या आणि केक वादाशिवाय कापला गेला. कोनाचा तुकडा माझ्या वाट्याला आला. काटकोनात कापला होता.

इंग्रजांना हे सगळं जमतं, असाही आपला एक गैरसमज आहे. शेरिडनच्या 1775 सालच्या 'द रायव्हल्स' या नाटकात मिसेस मॅलप्रॉप नावाची बाई आहे. तिला मोठमोठे शब्द वापरायची हौस आणि प्रत्येक शब्द शेजारच्या शब्दाच्या घरात शिरलेला. मगर म्हणायला जाते आणि रूपककथा म्हणून बसते. लोक इतके हसले की असल्या घोटाळ्याला इंग्रजीत तिचंच नाव मिळालं. डॉक्टर जॉन्सनचा जाडजूड कोश 1755 साली निघाला होता. म्हणजे कोश घरात येऊन वीस वर्षं झाली होती. आमच्या घरातही तीन कोश आहेत. एकावर मिक्सर ठेवलाय, उंची बरोबर येते म्हणून.

हल्ली मोबाइल आपोआप चुका दुरुस्त करतो म्हणतात. करतो, पण त्याला बहुतेक वेळा शब्द चुकला तरच कळतं. अस्वल हाही शब्दच, उघडं हाही शब्दच. मोबाइलची नजर स्पेलिंगवर, अब्रूवर नाही.

हे सगळं सुरू असताना मला आशा लावली ती चारशे तीननी. त्यांचा जन्म तमिळनाडूतला, तीस वर्षं डोंबिवलीत. एकदा ते म्हणाले, "इंग्रजीला काय नावं ठेवता, तुमचा 'ज' बघा." गोष्ट त्यांच्या पहिल्या वर्षातली. लिफ्टमधून उतरणाऱ्या पंचाहत्तर वर्षांच्या एका आजोबांना ते अदबीने म्हणाले, "जरा थांबा." ज मात्र जगदीशमधला. आम्ही म्हणतो तो जांभळातला. अक्षर एकच, पण जगदीशातला ज लावला की 'जरा' म्हणजे म्हातारपण.

"मग?"

"आजोबा हात जोडून म्हणाले, बाबा रे, थांबली असती तर आणखी काय हवं होतं!"

म्हणजे वाळवंट आणि गुलाबजामचा धंदा आपल्याकडेही चालतो तर. मला फार बरं वाटलं. आणि त्याच महिन्यात, 27 फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जयंतीला, देवाने माझी हाक ऐकली. सकाळी सहा वाजता सोसायटीच्या ग्रुपवर मॅडमचा निरोप आला. फुलं, समई, आणि खाली, 'मराठी भाषा गौरव दीनाच्या हार्दिक शुभेच्छा.'

दीन! दी दीर्घ! दिन म्हणजे दिवस. दीन म्हणजे बिचारा, गरीब. गौरव आणि दीन एका ओळीत. मी अंथरुणातच उठून बसलो.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"तीनशे दोन चुकल्या."

"कुठे पडल्या का?"

"नाही. दीर्घ लिहिलं."

तिने पांघरूण डोक्यावरून घेतलं.

मी घाई केली नाही. सूड थंडपणे घ्यायचा असतो. चहा घेतला. खात्री करायला मोल्सवर्थचा 1857 सालचा मराठी-इंग्रजी कोश मोबाइलवर उघडला. मराठीची चूक सिद्ध करायला साहेबाचा कोश उघडावा लागतोय, हे मनात आलं, पण मी ते बाजूला ठेवलं. मजकूर चार वेळा लिहिला, चार वेळा खोडला. पहिल्यात खोचकपणा जास्त होता. दुसऱ्यात कमी होता. तिसऱ्यात मी स्टेशनवरच्या बाईची हकिकत घातली होती. चौथा छोटा केला आणि साडेसात वाजता ग्रुपवर टाकला. 'मॅडम, नम्रपणे. 'दिन'मधला 'दि' ऱ्हस्व हवा.'

मग मी आरशासमोर उभा राहून दाढी केली. गाणंही म्हटलं.

परत आलो तेव्हा मॅडमच्या शुभेच्छांना वीस अंगठे आणि अकरा नमस्कार आले होते. माझ्या मजकुराखाली एकच उत्तर. चारशे तीनचं.

'काका, शब्द ह्रस्व असा आहे. ह आधी, र नंतर.'

मी तो निरोप बराच वेळ बघत बसलो. एकसष्ट वर्षांचं आयुष्य, त्यात सगळं शालेय शिक्षण मराठी माध्यमातलं, आणि ह्रस्व हा शब्दच मी ऱ्हस्व लिहीत आलो. त्याची चूक कधी कुणी काढली नव्हती, कारण बाकीचे सगळेही तसाच लिहितात. थोड्या वेळाने मॅडमचं उत्तर आलं. 'धन्यवाद. दोघांनाही.' आणि दहा मिनिटांनी त्या स्वतःच खाली आल्या. हातात लाल पेन नव्हतं, वाटीत बेसनाचे लाडू होते.

"चौतीस वर्षं मुलांच्या इंग्रजीच्या चुका काढण्यात गेली," त्या म्हणाल्या. "स्वतःच्या मराठीच्या करायला वेळच मिळाला नव्हता."

आम्ही दोघांनी एकेक लाडू खाल्ला. बायकोने दोन खाल्ले, कारण तिने कुठलीच चूक केली नव्हती.

यंदा मी वार्षिक सभेला वेळेच्या आधी पंधरा मिनिटं जाऊन पहिल्या रांगेत बसलो. तरीही सेक्रेटरी मीच झालो. म्हणे, अनुभव आहे. पुन्हा टाकी साफ करायची वेळ आली. यावेळी इंग्रजीचं नावच काढायचं नाही असं ठरवून मी मराठीत नोटीस लिहिली, 'रविवारी पाणि बंद राहील,' आणि लावण्याआधी चारशे तीनना दाखवली. ते वाचून म्हणाले, "पाणि म्हणजे हात ना हो? पाणिग्रहणातला?"

मी कागद फाडला. नवा कागद घेतला. अक्षर म्हणून एकही लिहायचं नाही असं ठरवलं. नातीच्या रंगीत खडूंनी एक मोठा नळ काढला, त्यावर लाल फुली मारली, बाजूला घड्याळ काढून नऊ आणि पाचवर काटे दाखवले. खाली सोसायटीचा शिक्का. मनासारखं झालं. नळाला थोडं जास्त काळं लागलं होतं आणि तोटी जरा नाकासारखी पुढे आली होती, पण नळ तो नळच.

बोर्डाला टाचणी लावून मी वर निघालो. पहिल्या मजल्यापर्यंत पोचलो असेन तोच खालून एकशे चारांचा आवाज आला.

"अहो दोनशे एक, परत अस्वल आलं का?"